सोपं म्हणजे कोणाला सोपं?

हा लेख वाचून झाल्यावर (किंवा अर्ध्यातच कंटाळून) तुमच्यापैकी बरेचजण अंगठा स्क्रीनच्या तळाशी नेऊन वर सरकवतील. ब्राउझर बाजूला होईल आणि होम स्क्रीन समोर येईल. अंगठा मध्येच थांबवला तर उघडी ॲप्स पत्त्यांसारखी रांगेने दिसतील. आयफोनवर त्यातलं एखादं वर भिरकावलं की बंद, आणि आजच्या बहुतेक अँड्रॉइड फोनांवरही तसंच. ‘अँड्रॉइड भारी की आयफोन’ यावर हॉस्टेलच्या खोलीत मध्यरात्रीपर्यंत भांडणारे दोघेही भांडण संपल्यावर अंगठ्याची एकच हालचाल करतात आणि झोपतात.

ही हालचाल पहिल्यांदा ॲपलने आणली नाही आणि गूगलनेही नाही. ती ज्या फोनांवर आधी रुजली ते फोन आज दुकानात मिळत नाहीत. त्यांच्या कंपन्या विकल्या गेल्या, किंवा त्यांनी फोन बनवणं सोडलं. मला जुन्या फोनांचा नाद आहे. माझ्या टेबलाच्या खणात असे काही फोन आहेत आणि अधूनमधून मी ते चार्ज करून बघतो. गजर लावायचा, नंबर साठवायचा, मेसेजला उत्तर द्यायचं, पुन्हा सुरुवातीला यायचं, अशी तीच चार कामं प्रत्येकावर करतो. ‘कोणता फोन वापरायला सोपा’ या भांडणाचा इतिहास या चार कामांत जवळजवळ पुरा सापडतो. आणि त्यात एक प्रश्न सतत निसटताना दिसतो: सोपा, पण कोणाला?

लाकडाचा ठोकळा

भांडण स्मार्टफोनच्या आधीपासूनचं आहे. १९९३ मध्ये ॲपलने न्यूटन नावाचं हातात धरायचं यंत्र आणलं. तुम्ही नेहमीसारखं लिहा, तुमचं अक्षर मी ओळखीन, असं त्याचं वचन होतं. सुरुवातीचा न्यूटन अक्षर ओळखताना इतका चुकायचा की अमेरिकेतल्या वर्तमानपत्री व्यंगचित्रमालिकेत त्याची टिंगल झाली.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात जेफ हॉकिन्स हा अभियंता शर्टाच्या खिशात एक लाकडी ठोकळा घेऊन फिरत होता. भेटीची वेळ ठरवायची झाली की तो ठोकळा बाहेर काढायचा आणि त्यावर काडीने लिहिल्यासारखं करायचा. ठोकळ्यात काहीच नव्हतं. ही वस्तू खिशात मावते का, आणि दिवसात किती वेळा ती काढावीशी वाटते, एवढंच त्याला बघायचं होतं. त्यातून १९९६ मध्ये पाम कंपनीचं पायलट हे यंत्र आलं. तो फोन नव्हता. पत्ते, भेटी, कामांची यादी आणि टिपणं ठेवणारी खिशातली वही होती.

पामने न्यूटनचा डाव उलटा खेळला. यंत्राला माणसाचं अक्षर कळत नाही ना, मग माणसाने थोडं शिकावं. इंग्रजी ‘ए’साठी फक्त उलटा ‘व्ही’ काढायचा, आडवी रेघ नाही. या लिपीला ग्राफिटी म्हणत. लोक ती शिकले, कारण शिकल्यावर यंत्र चुकत नसे आणि थांबवतही नसे. पामचे लोक कोणत्या कामाला किती टिचक्या लागतात हे मोजून बघत. स्क्रीनखाली चार बटणं होती आणि त्यातलं एक दाबलं की यंत्र चालू होऊन थेट रोजनिशी उघडायची. ‘सेव्ह’ नावाची पायरीच नव्हती.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज सीई आणलं. त्यामागचा विचार साधा होता: लोकांना संगणकावरचा विंडोज येतो, तर तोच छोटा करून हातात द्या. तोच स्टार्ट मेनू, तीच रचना. पुढे याच घराण्यातल्या पॉकेट पीसीवर कोपऱ्यात ‘एक्स’ची ओळखीची खूणही होती. मात्र ती दाबली की प्रोग्रॅम बंद होत नसे, नुसता मागे जाऊन बसे आणि मेमरी अडवून ठेवी. खूण ओळखीची होती, वागणूक वेगळी होती. माणूस फसतो तो अशाच जागी.

म्हणजे १९९६ सालीच सोपेपणाची तीन उत्तरं बाजारात होती. यंत्राने माणसाला समजून घ्यावं, हे न्यूटनचं. माणसाने थोडं शिकावं आणि मग वेगाने काम करावं, हे पामचं. माणसाला आधीच जे येतं ते पुढे न्यावं, हे मायक्रोसॉफ्टचं. पुढच्या प्रत्येक मोबाइल सिस्टिममध्ये या तिघांचंच कमी-जास्त मिश्रण आहे.

न बघता चालणारे फोन

आपल्याकडे बहुतेकांची पहिली ओळख झाली ती नोकियाशी. नोकियाच्या साध्या फोनवर मेनूचं बटण आणि मग ठरावीक आकडे दाबले की हवी ती जागा उघडत असे. कोणती जागा कोणत्या आकड्यावर आहे हे बोटांना पाठ होई. वर्गात बाकाखाली फोन धरून, नजर फळ्यावर ठेवून मेसेज टाइप करणारी एक पिढी होती. तुमच्या मोठ्या बहिणीला किंवा काकाला विचारून बघा.

१९९८ मध्ये सायन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी मिळून लंडनमध्ये सिम्बियन ही कंपनी काढली. नोकिया ६६०० सारख्या फोनांत तीच सिस्टिम होती. स्क्रीनखाली दोन बटणं असायची. डावं ‘ऑप्शन्स’, उजवं ‘बॅक’. कुठेही असा, डावीकडे ‘इथे काय करता येईल’ आणि उजवीकडे ‘इथून बाहेर’. मेनू खोल होते, पण वाट कधी बदलत नसे.

कॅनडातल्या ब्लॅकबेरीचं वेगळंच होतं. तिथे प्रत्येक अक्षराची स्वतंत्र कळ होती आणि कळांना गुप्त कामं दिलेली होती. मेसेज वाचताना ‘टी’ दाबलं की सगळ्यात वर, ‘बी’ दाबलं की सगळ्यात खाली. स्पेस दोनदा दाबलं की पूर्णविराम. पहिल्या दिवशी हे कोणालाच कळत नसे. शंभराव्या दिवशी मात्र तो माणूस दुसऱ्या कोणत्याही फोनला हात लावायला तयार नसे.

पहिल्या दिवसाचा सोपेपणा आणि शंभराव्या दिवसाचा सोपेपणा हे दोन वेगळे गुण आहेत. दुकानात उभं राहून फोन हाताळताना आपल्याला फक्त पहिला दिसतो. दुसरा दिसायला तीन महिने लागतात, आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात.

बोट आणि एक बटण

९ जानेवारी २००७ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्टीव्ह जॉब्सने आयफोन दाखवला. त्याआधी पडद्यावर चार प्रतिस्पर्धी ठेवले होते: मोटोरोला क्यू, एक ब्लॅकबेरी, पामचा ट्रिओ आणि नोकिया ई६२. चौघांच्याही छातीवर प्लास्टिकच्या कळा होत्या. जॉब्सचा मुद्दा असा की या कळा कायम तिथेच राहतात, काम कोणतंही असो. त्याच्या फोनवर समोर फक्त एक बटण होतं.

त्या एका बटणाची ताकद अजून पुरेशी ओळखली जात नाही असं मला वाटतं. स्पर्शाचा स्क्रीन दिसायला छान होता, पण नवख्या माणसाला धीर दिला तो बटणाने. कुठेही भरकटलात तर हे दाबा, घरी याल. चुकायची भीती गेली की माणूस आपणहून इकडेतिकडे हात लावून बघतो, आणि बघता बघता शिकतो. यादी संपली की ती रबरासारखी ताणून परत येणं ही बास ऑर्डिंग या ॲपलच्या डिझायनरची कल्पना. तीही याच जातीची: फोन अडकलेला नाही, यादी संपली आहे, एवढं ती न बोलता सांगते.

पण त्याच आयफोनवर मजकूर कॉपी करून दुसरीकडे पेस्ट करण्याची सोय नव्हती. ती आली जून २००९ मध्ये. पाम आणि विंडोज मोबाइलवर ती आधीपासून होती. वैशिष्ट्यांच्या यादीत आयफोन मागे होता, पहिल्या पाच मिनिटांत पुढे. आणि ऑगस्ट २००८ मध्ये तो भारतात आला तेव्हा त्याची किंमत ३१ हजार रुपयांपासून पुढे होती. ती पहिली पाच मिनिटं अनुभवायची संधीच फार थोड्यांना मिळाली.

नोकियाने त्याच वर्षी ५८०० हा स्पर्शाचा फोन काढला. त्यात सिम्बियन मूळची कळांसाठी बांधलेलीच होती. चिन्हांच्या पानावर एका टिचकीत काम होई, पण यादीत पहिली टिचकी नुसती ओळ निवडे आणि दुसरी ती उघडे. एकाच फोनवर दोन नियम. पूर्वी जॉयस्टिकने आधी ओळीवर जायचं आणि मग दाबायचं असे, त्याची ती सावली होती. बोटाला ‘आधी तिथे जाणं’ लागत नाही, हे जुन्या बांधणीला उमगलं नव्हतं.

हरलेल्यांनी काय दिलं

ऑक्टोबर २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन विकायला आला. वरून पडदा खाली ओढून सगळ्या सूचना एका जागी बघायच्या, ही त्याची मोठी देणगी. आयफोनला हे जमायला २०११ उजाडलं. अँड्रॉइडचं दुसरं वेगळेपण ‘बॅक’ बटण. ते सोयीचं होतं, पण नेमकं कुठे नेईल हे ॲपवर अवलंबून असे. शिवाय काही कंपन्या ते डावीकडे ठेवत, सॅमसंग उजवीकडे. फोन बदलला की अंगठा आठवडाभर चुकत राही.

जानेवारी २००९ मध्ये बुडत चाललेल्या पामने शेवटची खेळी केली: वेबओएस. प्रत्येक उघडं ॲप म्हणजे एक पत्ता. स्क्रीनखालच्या पट्टीवरून बोट वर सरकवलं की पत्ते रांगेत दिसत. नको असलेला पत्ता वर भिरकावला की बंद. आज आपण करतो ते हेच. तो फोन जूनमध्ये आला, पुढच्या वर्षी एचपीने पामला १.२ अब्ज डॉलरला विकत घेतलं, आणि ऑगस्ट २०११ मध्ये एचपीने आपला वेबओएस टॅबलेट बाजारात आल्यावर ४९ दिवसांत गुंडाळला. वेबओएस आज एलजीच्या टीव्हीत आहे. तिच्या डिझाइनचं काम बघणारा मातियास दुआर्ते २०१० मध्येच गूगलमध्ये गेला होता, आणि अँड्रॉइडचं पुढचं रूप त्याच्या हाताखाली घडलं.

जून २०११ मध्ये नोकियाने एन९ दाखवला. त्याच्या दर्शनी भागावर एकही बटण नव्हतं. कडेवरून आत बोट ओढलं की ॲपमधून बाहेर. दोनदा टिचकी मारली की स्क्रीन जागा. पण त्याआधीच, ११ फेब्रुवारीला, नोकियाने यापुढे आपले स्मार्टफोन मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनवर चालतील असं जाहीर केलं होतं. म्हणजे एन९ जगासमोर आला तोच बिनवारसाचा. २०१३ मध्ये ब्लॅकबेरी १० आली. तिथेही तळापासून वर सरकवलं की ॲप मागे जाई. तोवर उशीर झाला होता.

विंडोज फोनची हार मला सगळ्यात जास्त शिकवते. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने स्टार्ट मेनूचा जुना हट्ट सोडला आणि मोठ्या अक्षरांच्या, हलत्या चौकटींचा स्क्रीन आणला. चौकटीतच हवामान, न वाचलेले मेसेज, पुढची भेट दिसे, ॲप उघडावं लागत नसे. २०१३ चा लुमिया ५२० अवघ्या ५१२ एमबी रॅमवर न अडखळता चाले. त्या किमतीचे अनेक अँड्रॉइड फोन तेव्हा कुंथत. वापरायला तो खरोखर सोपा होता. पण इन्स्टाग्राम त्यावर आलं नोव्हेंबर २०१३ मध्ये, आणि तेही ‘बीटा’ म्हणून. तुमचे मित्र जिथे आहेत तिथे जाताच येत नसेल, तर रस्ता गुळगुळीत असून उपयोग काय?

सोपेपणाच्या स्पर्धेत जिंकलेला फोन बाजारात जिंकतोच असं नाही, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. निकाल ॲप्सनी लावला. दोन सिस्टिम उरल्या आणि त्यांनी हरलेल्यांची घरं उघडून हवं ते उचललं. २०१७ मध्ये आयफोन एक्सने ते प्रसिद्ध बटण काढून टाकलं आणि तळापासून वर सरकवणं आणलं. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० ने जवळपास तेच केलं.

‘सहज’ कळणं

इथे दोन जुन्या गोष्टी सांगायला हव्यात. ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाचा प्रकल्प ज्याने सुरू केला त्या जेफ रास्किनने १९९४ मध्ये एक छोटा लेख लिहिला. ज्याला आपण ‘सहज कळणारं’ म्हणतो ते बहुतेक वेळा फक्त ओळखीचं असतं, असं त्याचं म्हणणं. आणि १९९८ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने, आयएसओ ९२४१ च्या ११ व्या भागाने, वापरसुलभतेची जी व्याख्या केली तीत हा गुण एकट्या वस्तूला चिकटवलेला नाही. ठरावीक माणसं, ठरावीक कामं, ठरावीक परिस्थिती सांगितल्याशिवाय ‘सोपं’ हा शब्द तिथे पुराच होत नाही.

माझी आत्या सत्तरीत आहे. तिने पाच-सहा वर्षं बटणाचा स्मार्टफोन वापरला आणि त्यावर तरबेज झाली. वीजबिल, नातवंडांचे व्हिडिओ कॉल, भिशीचा ग्रुप, सगळं. तो फोन बिघडला आणि नवा आला, बटणं नसलेला. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, “अरे, यातून बाहेर कसं पडायचं?” मी अंगठा सरकवून दाखवला. ती म्हणाली, “पण हे लिहिलंय कुठे?”

कुठेच लिहिलेलं नव्हतं. डोनाल्ड नॉर्मन आणि जेकब नील्सन या वापरसुलभतेच्या दोन मोठ्या अभ्यासकांनी २०१० मध्येच ही तक्रार केली होती: खुणांवर चालणाऱ्या स्क्रीनवर काय करता येतं ते दिसत नाही, आणि चुकून काही झालं तर ते कशामुळे झालं हे कळत नाही. बटण दिसतं. ते स्वतःच स्वतःची सूचना असतं. हालचाल कोणीतरी शिकवावी लागते. तुम्हाला ती मित्राने शिकवली, किंवा दुसऱ्याचं बघून आली, म्हणून शिकल्याचं आठवतही नाही.

मी आत्याच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन तळाची तीन बटणं परत आणली. अँड्रॉइडवर ही सोय आहे. आयफोनवर ‘असिस्टिव्हटच’ चालू केलं तर एक तरंगतं बटण मिळतं. दोन्ही सोयी चांगल्या आहेत आणि दोन्ही इतक्या आत आहेत, की ज्याला त्यांची गरज आहे त्याला त्या क्वचितच सापडतील.

चौकोनी मराठी

सोपेपणाच्या या सगळ्या तुलनांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे स्क्रीनवरचं अक्षर वाचता येतं. मराठी वाचणाऱ्यांसाठी ती बरीच वर्षं खरी नव्हती. सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनांवर देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन दिसत, किंवा जोडाक्षरं फुटून वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटे. तेव्हा एक युक्ती तोंडी फिरायची. ऑपेरा मिनी ब्राउझर घ्यायचा, पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा’, मग विसर्गासारखे दोन टिंब, मग ‘कॉन्फिग’ असं इंग्रजीत टाइप करायचं, आणि खाली कुठेतरी लपलेला गुंतागुंतीच्या लिप्यांचा पर्याय चालू करायचा. मग अक्षरं चित्र म्हणून यायची. वाचायला मिळे, पण जाड आणि ओबडधोबड. मराठी वाचण्यासाठी आधी इंग्रजीतली एक गुप्त खूण माहीत असायला लागे.

२०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये मराठी ही फोनची भाषा म्हणून आली. तोवर पत्ते, चौकटी, पडदे यांवर जगभर हजारो परीक्षणं लिहून झाली होती. ज्याला अक्षरच दिसत नव्हतं त्याचे गुण कोणत्याच तक्त्यात नव्हते.

एक हरलेली सिस्टिम मात्र या माणसापर्यंत पोचली. मोझिलाने २०१३ मध्ये स्वस्त फोनांसाठी फायरफॉक्स ओएस आणली. पुढच्या वर्षी भारतात तिचा फोन २ हजार रुपयांच्या आत मिळू लागला. पण ती स्पर्शाची सिस्टिम इतक्या स्वस्त यंत्रावर रखडत चाले, आणि लवकरच मोझिलाने फोनचा नाद सोडला. तिच्या उघड्या कोडवरून कायओएस तयार झाली आणि २०१७ मध्ये ती जिओफोनमध्ये आली, दीड हजार रुपयांच्या अनामतीवर. या वेळी स्पर्श काढून टाकला होता. पुन्हा कळा, पुन्हा स्क्रीनखालची दोन बटणं. नोकियाच्या काळात बोटांना जे पाठ होतं ते परत कामाला आलं. २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सॲप आलं. तंत्रज्ञानाच्या बातम्यांत तो मागे पडलेला फोन होता. कळांची सवय असलेल्या माणसाला तो इंटरनेटपर्यंतचा सगळ्यात कमी शिकवणीचा रस्ता होता.

आता पैसे देणं, रेल्वेचं तिकीट, परीक्षेचा फॉर्म, बँकेचा ओटीपी, सगळं फोनवर आलंय. म्हणून ‘वापरायला सोपा कोण’ हा प्रश्न हौशी लोकांच्या वादापुरता राहिलेला नाही. ज्याला फोन वापरता येत नाही तो दुसऱ्याच्या हातात फोन देतो, आणि फोनबरोबर पिनही. आत्याला बाहेर पडायची वाट सापडली नसती तर तिने तेच केलं असतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲपलने होम बटण असलेला आपला शेवटचा आयफोन विकणं थांबवलं. मला त्या बटणाची हळहळ वाटत नाही. माझा अंगठा आता सरकवण्यात रुळलाय, आणि वेबओएसचे पत्ते अखेर सगळ्यांच्या हातात पोचले याचा आनंदच आहे. पण घरात कोणाला नवा फोन आणून दिलात, तर त्यावर स्वतःला काय सोपं वाटतं ते बाजूला ठेवून त्यांना चार कामं करायला सांगा. गजर, नंबर, उत्तर, आणि परत सुरुवातीला. हात मध्ये घालू नका, नुसतं बघा. जिथे ते थांबतील ती अडचण त्यांची नसते, फोनची असते. आणि बहुतेक वेळा तिचा उपाय सेटिंगमध्ये कुठेतरी लपलेला असतो.